टोपली आणि प्रवेशिका

धाकल्या वांगड रेल्वेत चावीवाला होता. चावीवाला म्हणजे कुलपं उघडणारा नव्हे. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल पडतात. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल झेंडी, अशा थाटात आपल्या हद्दीतून रोज चालायचं. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. घट्ट चावी हातोड्याखाली टण्ण वाजते, सैल चावी भद्द. भद्द वाजली की ठोकायची आणि पुढं जायचं. सोपं वाटतं, पण उन्हात रूळ तापला की डोळ्यांपुढं पाणी तरळतं, आणि तरी एक चावी सुटून चालत नाही. नोकरीभर मान खाली राहिली ती धाकल्याची अजून खालीच आहे. समोरून कुणी आलं तर तो आधी त्याचे पाय ओळखतो.

डहाणूपासून वापी-वलसाडपर्यंत त्याच्या बदल्या झाल्या. बायको चिमीला घेऊन तो क्वार्टरमधे राहिला. कैनाडच्या पाड्यावरचं घर, शेत आणि देव थोरल्या भावानं सांभाळलं. रुपजीनं. सुट्टी मिळाली तर धाकल्या सणाला यायचा, पानावर बसायचा, जेवायचा आणि पुन्हा ड्यूटीवर जायचा. देवाचं काय करायचं हे त्यानं कधी विचारलं नाही, रुपजीनंही कधी सांगितलं नाही. दोघांनाही वाटलं, घाई काय आहे.

निवृत्त होऊन धाकल्या घरी आला त्याच पावसाळ्यात रुपजी तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिली त्याची बायको ठकी, आणि माळ्यावरची टोपली.

टोपलीत तांदूळ असतो, तांदळात मोराच्या पिसांची जुडी रोवलेली असते. तो घरचा देव. वर्षातून एकदा, नवं भात घरात आलं की टोपलीतला जुना तांदूळ काढून नवा घालायचा, घरच्या मेलेल्या माणसांची नावं क्रमानं घ्यायची, एकेकाच्या नावानं पानावर घास ठेवायचा. मगच घरानं नवा तांदूळ खायचा. त्याला 'नवं करणं' म्हणतात. पाड्यावर सगळ्यांनी नवं केलं. वांगडांच्या घरात लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कणगी गळ्यापर्यंत भरली होती आणि चुलीवर रेशनचा तांदूळ शिजत होता.

नावं कुणालाच ठाऊक नव्हती. ती घरातला करणारा माणूस आपल्यानंतरच्याला सांगतो, आणि रुपजीला सांगायला वेळ मिळाला नाही. पाड्याच्या भगतानं हात झटकले. "दुखणं-खुपणं मी बघतो. तुमच्या टोपलीतलं तुमच्या घरानं बघायचं."

मग उधव्याहून लांबचा चुलतभाऊ नविन आला. हा तलासरीकडं टेम्पो चालवतो. बोलायला सरळ आहे. ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "धाकल्यादादा, देव उपाशी ठेवू नको. तुला जमत नसंल तर टोपली माझ्याकडं दे. आमच्याकडं आई आहे, सगळं होतं."

"जमंल," धाकल्या म्हणाला.

"कधी? भात उंदरांनी खाल्ल्यावर?"

"पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार."

"ठीक. त्या रविवारी मी आईला घेऊन येतो. नवं झालेलं असलं तर जेवतो. नसलं तर टोपली टेम्पोत."

आत ठकीच्या हातातलं भांडं खाली पडलं. नविन गेल्यावर ती बाहेर आली. तिनं एवढंच विचारलं, "टोपली गेली तर मी इथं कुणाची?"

धाकल्यानं मान वर करून माळ्याकडं पाहिलं. त्या क्षणापासून त्याला एकच काम उरलं: टोपली माळ्यावरून हलता कामा नये.

रेल्वेत कुठलंही काम नेमून देतात तेव्हा त्याचं पुस्तक असतं. चावी कशी बसवायची, झेंडी किती लांब लावायची, सगळं लिहिलेलं. धाकल्याला वाटलं, देवाच्या कामाचंही असेल. डहाणूला तो आपल्या जुन्या क्वार्टरच्या शेजाऱ्यांकडं गेला. सुदर्शन बुकिंगला क्लार्क, त्याची मुलगी मुक्ता विद्यापीठात धर्म हाच विषय घेऊन शिकत होती. हे धाकल्याला फार सोयीचं वाटलं.

"मुक्ता, देवाचं काम नव्यानं शिकणाऱ्याचं पुस्तक असतं का?"

"असतं ना काका." तिनं कपाटातून जाड पुस्तक काढलं. 'धर्मविद्या आणि धर्म-अभ्यास : प्रवेशिका'. "आमच्याच सरांनी मराठीत लिहिलंय. अगदी पहिल्यापासून सुरू होतं. पण काका, तुम्हाला नक्की हेच..."

"पहिल्यापासूनच पायजे," धाकल्या म्हणाला, आणि पुस्तक पिशवीत घालून निघाला.

धाकल्या आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला. वाचन त्याला येतं, पण ते चालण्यासारखं येतं, धावण्यासारखं नाही. ओळीखाली बोट धरून तो एकेक शब्द तपासत जायचा. सैल वाटला की थांबायचा, पुन्हा वाचायचा. सकाळी गुरं सोडली की ओटीवर बसायचा ते ऊन पायाशी येईपर्यंत. इतकी मेहनत त्या पुस्तकावर विद्यापीठात कुणी घेतली असेल असं वाटत नाही.

पहिल्या प्रकरणात 'धर्म म्हणजे काय' असा प्रश्न होता. एका विद्वानानं उत्तर दिलं. धाकल्याला पटलं. पुढच्या पानावर दुसऱ्यानं ते चूक ठरवलं. तेही पटलं. मग तिसरा आला. प्रकरण संपलं तेव्हा लेखकानं म्हटलं होतं की कुठलीच व्याख्या पुरी पडत नाही. धाकल्यानं पानं मागं उलटून पाहिली. काही सुटलं का? नव्हतं सुटलं.

"काय लिवलंय?" चिमीनं विचारलं. ती मिरच्या खुडत होती.

"धर्म काय ते कुणालाच माहीत नाही, असं लिवलंय."

"हे लिवायला एवढं जाड पुस्तक?"

दुसरं प्रकरण त्याच्या डोक्यात घुसलं आणि तिथंच अडकलं. त्यात म्हटलं होतं की देवाधर्माचा विचार दोन बाजूंनी होतो. एक आत उभा राहून, श्रद्धा असलेल्यानं. ती धर्मविद्या. दुसरा बाहेर उभा राहून, श्रद्धा बाजूला ठेवून, नुसतं पाहणाऱ्यानं. तो धर्म-अभ्यास. वाचणाऱ्यानं आपण कुठं उभे आहोत हे आधी ठरवावं, असं लेखकाचं म्हणणं.

धाकल्यानं पुस्तक मिटलं. तो कुठं उभा होता? जन्म या घरातला, टोपलीखालचा. पण नोकरीभर तो बाहेर राहिला. वलसाडला गँगमधल्या गुजराती भावांबरोबर माताजीच्या आरतीला टाळ्या वाजवल्या, क्वार्टरमधे गणपती बसवला, महालक्ष्मीच्या जत्रेला गेला. देव आहे का, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. गाडी येते का असं विचारतात, देवाचं कोण विचारतो? आता एका पुस्तकानं विचारलं आणि तो आपल्याच ओटीवर उपऱ्यासारखा बसून राहिला.

"चिमे, आपण आत का बाहेर?"

"तू बाहेर बसलाय. मी उंबऱ्यात. सरक जरा, मिरच्या वाळत घालायच्यात."

पुढं एका प्रकरणात माहिती कशी विचारावी ते होतं. माणसाला निवांत बसवावं, आपले शब्द त्याच्या तोंडात घालू नयेत, थांबावं. हे कामाचं वाटलं. धाकल्यानं ठकीला दुपारी ओटीवर बसवलं. पाणी दिलं. ठकी बुजली. दिराच्या हातून पाणी घ्यायची तिला सवय नव्हती.

"वैनी, रुपजी नवं करायचा तेव्हा काय बोलायचा?"

"मला काय ठावं?"

"निवांत सांग."

"निवांतच आहे. नाही येत."

धाकल्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणं थांबला. ठकी त्याच्याकडं बघत राहिली. बराच वेळ दोघं तसेच बसले. पाड्यावरची कुत्री येऊन बघून गेली.

"एक तरी नाव," तो म्हणाला.

"मी कधी समोर होते काय? मी मागल्या दारी कांडत असायची. तो आत बोलायचा." तिचे डोळे भरले. "धाकल्या, तू मला परीक्षेला बसवलंय असं वाटतंय. आणि मी नापास झाले तर टोपली जाणार."

त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं. त्याच प्रकरणात एक वाक्य होतं: लोकांना पुष्कळदा विधी करता येतो, पण सांगता येत नाही. धाकल्याला त्याचा राग आला. ठकीला मूर्ख म्हटल्यासारखं वाटलं.

रविवार जवळ येत होता. तो पुन्हा डहाणूला गेला.

"मुक्ता, हे पुस्तक काम सांगतच नाही. कामाबद्दल सांगतं."

मुक्ता ओशाळली. "काका, मी त्या दिवशी हेच सांगणार होते. तुम्ही निघालात."

"पण मी आत का बाहेर, ते तर सांग."

ती हसली नाही. तिनं खरोखर विचार केला. "मला वाटतं तुम्ही आतले. पण तुम्ही विचारताय म्हणजे थोडे बाहेरचेही. सरांना विचारलं तर ते म्हणतील, ही रेघच चूक आहे."

"मग पुस्तकात आखली कशाला?"

"सुरुवात करायला."

धाकल्याला हे मुळीच कळलं नाही. रेघ चूक असेल तर तिच्यावरून सुरुवात कशी होते? चुकीच्या रेघेवर रूळ टाकला तर पहिलीच गाडी खाली जाईल.

त्यानं तिला नविनचं आणि रविवारचं सांगितलं. "नविनकाकांच्या घरी नवं कधी आहे?" मुक्तानं विचारलं. "जाऊन बघा. मधे पडू नका, बाजूला उभं राहून नीट बघा. पाहणारा असंच करतो."

हे त्याला जमण्यासारखं होतं. बघणं हाच त्याचा धंदा होता. नविनकडं नवं शुक्रवारी होतं. चारोटीला उतरून, कासाहून काळी-पिवळी जीप धरून तो उधव्याला पोचला. नविनच्या अंगणात माणसं होती. दोघीजणी उखळात भात कांडत होत्या, कुणी सुपानं पाखडत होतं, कुणी पानं पुसत होतं, नविन आत टोपलीपाशी. धाकल्या पडवीच्या खांबापाशी उभा राहिला. हात मागं बांधून बघू लागला.

नविनची आई बायजी कमरेत वाकलेली, पण आवाज शाबूत. "ए कैनाडवाल्या! खांब पडतोय काय, धरून उभा राहिलास?"

"बघतोय काकी."

"काय बघतोस?"

"कसं करतात ते."

"बघायला हा काय सिनेमा आहे?" बायका हसल्या. बायजी नाही हसली. "देवाच्या कामात रिकामा हात चालत नाही आमच्यात. बघणारा उभा राहिला की काम अडतं. एक तर मुसळ धर, नाही तर रस्त्यावर जाऊन उभा राहा."

धाकल्या गोंधळला. मुक्तानं मधे पडू नको म्हणून सांगितलं होतं. इथं मधे पडला नाही तर बाहेर काढत होते. त्यानं मुसळ धरलं.

कांडणं हे बाईचं काम म्हणून पुरुष त्याला हलकं समजतात. समजोत. हातोडा मारताना वजन खाली टाकून मोकळं व्हायचं असतं. मुसळ टाकून भागत नाही, ते पडता पडता आवरायचं असतं, नाही तर तांदळाची कणी होते. समोरच्या बाईचं मुसळ वर असताना आपलं खाली, नेम उखळाच्या मधोमध. थोड्याच वेळात धाकल्याचे दंड भरून आले. आत नविन काहीतरी बोलत होता. धाकल्यानं कान दिला, तेव्हा मुसळ काठावर आपटलं.

"ऐकू नको, कांड!" समोरची ओरडली.

त्यानं ऐकणं सोडलं. पुष्कळ वेळानं त्याच्या लक्षात आलं की आतलं बोलणं त्याला न ऐकताच येत होतं. एक ठोका, एक नाव. मुसळ थांबलं की आतला आवाजही थांबायचा. सूप पाखडून झालं की पुन्हा दोन्ही सुरू. नविनच्या घरची नावं होती, धाकल्याच्या कामाची नव्हती. वाटा कधीच वेगळ्या झाल्या होत्या, नावंही. जेवून निघताना नविन म्हणाला, "मग? रविवारी टेम्पो आणू ना?"

"तू जेवायला ये," धाकल्या म्हणाला. का म्हणाला ते त्यालाच कळलं नाही.

जीपमधे तो दंड चोळत बसला. एकच गोष्ट डोक्यात भद्द वाजत होती. ठकी म्हणाली होती, मी मागल्या दारी कांडत असायची. आणि त्यानं तिला ओटीवर बसवून, हातात पाण्याचा तांब्या देऊन विचारलं होतं.

रविवारी सकाळी त्यानं मागल्या दारी उखळ धुतलं. कणगीतलं भात काढून वाळवून ठेवलेलं होतंच. मुसळं दोन. एक ठकीच्या हातात दिलं, दुसरं चिमीच्या.

"नावं कुठायत?" ठकीनं विचारलं. "नावांशिवाय कांडून काय करू?"

"कांड तर. रोजच्यासारखं नको. रुपजी आत असायचा तसं."

"आत कोण आहे पण?"

"मी."

ठकीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो लगेच घरात गेला. त्यानं माळ्यावरून टोपली उतरवली, पुढ्यात ठेवली आणि बसला. पुस्तक ओटीवर होतं. मनात देव वगैरे काही आलं नाही. शुक्रवारचा दंड ठणकत होता.

मागून ठोके सुरू झाले. ठकी, चिमी. ठकी, चिमी. बराच वेळ नुसतेच ठोके. नविन येईल, टेम्पो लागेल. मग ठोक्यांत ठकीचा दम ऐकू आला, आणि दमाबरोबर एक शब्द.

"...पोशा..."

"काय?" चिमी थांबली.

"थांबू नको!" धाकल्या आतून ओरडला. "कांड!"

"पोशा," ठकी ठोक्यावर म्हणाली. "लाडक्या. जान्या." धाकल्या तिच्या मागोमाग एकेक नाव घेत गेला आणि टोपलीतला जुना तांदूळ मुठीनं काढत गेला. जान्या त्याच्या आज्याचा बाप, हे त्याला ठाऊक होतं. बाकीचे असतील कुणी. "सोन्या." हा आजा. "धवळ्या."

धाकल्याचा हात थांबला. "धवळ्या कोण?"

"मला काय माहीत! तो म्हणायचा. पुढं माह्या." माह्या म्हणजे बाप. मग ठकीचं मुसळ एक ठोका चुकलं आणि ती म्हणाली, "रुपजी." हे नाव तिनं त्या ओळीत ऐकलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं. नवऱ्याचं नाव तिनं पहिल्यांदाच तोंडानं घेतलं.

धाकल्यानंही घेतलं.

नवा तांदूळ पाखडला, टोपलीत घातला, पिसांची जुडी रोवली. उरलेला चिमीनं शिजायला टाकला. भात वर यायच्या आत टेम्पो अंगणात येऊन थांबला. नविननं टेम्पोत पोतं अंथरून आणलं होतं, टोपली हिंदकळू नये म्हणून. बायजीला हात देऊन उतरवलं.

"झालं काय?" नविननं दारातूनच विचारलं.

"कांडलं. नावं घेतली. तांदूळ बदलला," धाकल्या म्हणाला. "झालं का ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे झालं का नाही?"

"काम झालंय. बाकीचं माहीत नाही."

नविननं आईकडं पाहिलं. बायजी मागल्या दारी गेली, उखळात हात घालून कोंडा चोळून पाहिला, चिमीच्या तळहातांचे फोड पाहिले, आणि येऊन पाटावर बसली. नविननं नाइलाजानं चपला काढल्या.

धाकल्यानं पूर्वजांसाठी पान मांडलं आणि नावागणिक घास ठेवू लागला. सोन्याचा ठेवला आणि अडला.

"नविन, आपल्यात धवळ्या कोण होता?"

"धवळ्या? आमच्याकडं बैलाला म्हणतात धवळ्या."

"आज्याच्या नंतर, बापाच्या आधी."

"मग आज्याचा भाऊ असंल."

"त्याला सख्खा भाऊ नव्हता. तू लांबच्या चुलत आज्याचा. त्याचं नाव तर वेगळं."

"आई, धवळ्या कोण?"

"मला काय विचारतोस? मी लगीन होऊन आले तुमच्यात," बायजी म्हणाली. "भूक लागलीय मला."

"बैलच असंल," चिमी म्हणाली. "चांगला असंल."

"बैल नावात कसा घेतील?" धाकल्या म्हणाला.

"का नाही? तुझ्या बापापेक्षा जास्त काम केलं असंल त्यानं."

धाकल्या घास हातात घेऊन बसून राहिला. त्याला चूक नको होती. माणूस असला आणि ठेवला नाही तर उपाशी राहील. बैल असला आणि ठेवला तर काय होईल? पुस्तकात हे नव्हतं. पुस्तकाच्या शेवटी नुसती दुसऱ्या पुस्तकांची नावं होती. रुपजीला धवळ्या कोण ते ठाऊक होतं का, की तोही बापानं म्हटलं म्हणून म्हणत होता?

"ठेव, धाकल्या," ठकी म्हणाली. ती अजून उभीच होती. "तो ठेवायचा. माणूस का बैल मला ठाऊक नाही. पण त्याचा घास मोठा असायचा. बाकीच्यांपेक्षा मोठा."

धाकल्यानं हातातला घास पुन्हा भातात घातला, मोठा करून काढला आणि पानावर ठेवला. मग माह्याचा. मग रुपजीचा.

नविन त्या मोठ्या घासाकडं बघत राहिला. "आमच्याकडं असं नाही," तो म्हणाला. मग त्यानं आपल्या पुढ्यातला नवा भात कालवला आणि खाल्ला. या चुलीवरचं नवं खाल्ल्यावर टोपली मागता येत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही.

शेवटी ठकी बसली. पहिला घास तोंडात घालून ती बराच वेळ चावत राहिली.

"कणी झालीय," ती चिमीला म्हणाली. "मुसळ आवरत जा."

जेवण झाल्यावर धाकल्यानं टोपली माळ्यावर चढवली. उतरताना शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. तिथून वरची टोपलीही दिसत होती आणि ओटीवरचं पुस्तकही. तो तिथं जरा वेळ उभा राहिला. मग खालून चिमी म्हणाली की शिडी पायजे, आणि तो उतरला.